शुक्रवारचं पाणी

हमीद आला तेव्हा आम्ही नुकतेच जेवायला बसलो होतो. बाबांचं पहिलं मासिक श्राद्ध. खरं तर दुपारी व्हायला हवं होतं, पण बुधवार होता आणि सगळ्यांना ऑफिस होतं. आईनं कॅलेंडरकडे बघून म्हटलं होतं, "त्यांनी स्वतः कधी दुपारची सुट्टी घेतली नाही. संध्याकाळीच करू."

नागेशकाका आणि ममताकाकू पाच वाजताच आले होते. दुबईहून शारजाला यायला मला दोन तास लागले. घरात शिरले तेव्हा वड्यांचा वास लिफ्टपर्यंत येत होता. आई ओट्याशी उभी होती आणि काकू तिच्या हातून झारा काढून घेत होती.

"ताई, बसा जरा. सकाळपासून उभ्या आहात."

"बसून काय करू?" आई म्हणाली.

हमीद हा बाबांच्या हाताखालचा इंजिनिअर. मूळचा भोपाळचा, बाबांबरोबर नऊ वर्षं काढलेला. स्मशानातून परतताना गाडी त्यानंच चालवली होती. आज तो दारात चपला काढून अवघडून उभा राहिला. बगलेत बाबांची निळी फाइल होती.

"भाभीजी, माफ करना. आज का दिन मालूम था, फिर भी आना पडा. शनिवार को मीटिंग है."

"जेवून बोल," आई म्हणाली. निखिलनं, माझ्या धाकट्या भावानं, त्याच्यासाठी खुर्ची ओढली.

मीटिंग कसली ते आमच्या घरात कुणाला सांगावं लागत नव्हतं. उम्म सिदरा ही वाळवंटातली चाळीस घरांची वस्ती. किनाऱ्यावरच्या गोड्या पाण्याच्या कारखान्यापासून तिथपर्यंत अडुसष्ट किलोमीटर पाइप टाकायचा की नाही, यावर तीन वर्षं समिती बसत होती. पाइपची आखणी बाबांची. अर्धे पैसे फेडरल निधी देणार होता, पण अमिरातीनं अर्धे दिले तरच. आणि अमिरातीच्या समितीत तीन तोंडं तीन दिशांना होती. एकाचं म्हणणं, किनाऱ्यावर टॉवर चढताहेत, आधी त्यांना पाणी. दुसऱ्याचं म्हणणं, पाइप माणसांकडे नेण्यापेक्षा माणसं हायवेजवळ आणून बसवणं स्वस्त. त्यावर बाबांनी भर मीटिंगमध्ये विचारलं होतं, की त्यांच्या चारशे खजुरीही ट्रकमध्ये बसणार आहेत का. तिसरा सदस्य फारसा बोलत नसे. टँकरचं पाणी चांगलं चाललंय, एवढंच म्हणे. टँकरची कंपनी त्याच्या मेहुण्याची होती.

त्याच कंपनीत नागेशकाका सुपरवायझर होता. त्यामुळे समिती बसायच्या आधीपासून हा वाद आमच्या टेबलावर होता.

"बावीस मिलियन दिरहम," बाबा एकदा म्हणाले होते.

"म्हणजे किती हो?" काकूनं विचारलं.

"तेरानं गुण," काकानं बोटांवर हिशोब केला. "साडेअठ्ठावीस कोटी. चाळीस घरांना! दादा, तेवढ्यात मी त्यांना शंभर वर्षं टँकर घालीन."

"तू शंभर वर्षं जगणार आहेस का?"

"तू पाइपची गॅरंटी किती वर्षं देतोस ते सांग आधी."

दोघे हसत, आणि आई वाढत राही. भांडण म्हणावं असं ते कधीच नव्हतं. बाबांनी काकाला गावाहून आणलं, पहिली नोकरी लावून दिली, आणि नंतर त्यानं स्वतःच्या हिमतीवर टँकरचं काम धरलं. याचा बाबांना अभिमान होता आणि थोडी खंतही होती. दोन्ही गोष्टी ते चेष्टेतच बोलत.

हमीदनं दोन वडे संपवले, हात धुतले आणि फाइलमधून एक पान काढलं.

"ये देखिए. सुरेशसाब की आखिरी टेबल."

बाबांच्या अक्षरातला तक्ता होता. उम्म सिदराची जुनी विहीर, कठड्यापासून पाणी किती खोल. शहाण्णव साली चोवीस मीटर. मग पंचवीस, सव्वीस, अठ्ठावीस. नव्व्याण्णवच्या शेवटी जवळजवळ एकतीस. इथपर्यंत सगळा रिपोर्ट त्या आकड्यांवर उभा होता: विहीर आटते आहे, टँकर ही तात्पुरती सोय आहे, पाइप हवाच. त्यानंतरच्या दोन वर्षांत आकडे उलटे फिरले होते. अठ्ठावीस. सत्तावीस. गेल्या महिन्यातला, बाबा गेले त्याच्या आदल्या आठवड्यातला, शेवटचा आकडाही सत्तावीस.

"पाणी वर आलंय," निखिल म्हणाला.

"यही तो. वो तीसरावाला मेंबर यही पन्ना लेके बैठेगा. बोलेगा, तुम्हारे ही इंजिनिअर का नंबर है, कुआँ भर रहा है, पाइप किस लिए? खलास." हमीदनं पान बोटानं सरकवलं. "ये टेबल अभी समिती को नहीं गई. सिर्फ हमारे पास है. मैं निकाल सकता हूँ. लेकिन साब की लिखाई है. आपसे पूछे बिना..."

मी पान जवळ ओढलं.

ते मापन आमचंच होतं. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी बाबा आम्हांला वाळवंटात सहलीला न्यायचे. आई पुरीभाजी बांधायची. पोचल्यावर मी टॉर्च धरायची, निखिल टेपला खडू चोळायचा, आणि बाबा वजन लावलेली टेप विहिरीत सोडायचे. खडू जिथे ओला होई तिथे पाणी. वस्तीचा म्हातारा, अबू सालेम, कठड्याला टेकून खजूर पुढे करायचा. ऑफिसनं हे काम सांगितलं नव्हतं. सुट्टीच्या दिवशी, आपल्या पेट्रोलवर, सहा वर्षं. बाबांनी एकही महिना चुकवला नाही, आणि आकडे त्यांच्या विरोधात जायला लागले तेव्हा एकही आकडा बदलला नाही.

"काढून टाक," मी म्हणाले.

आईनं माझ्याकडे बघितलं.

"आई, दोन वर्षांचे आकडे काहीतरी चुकीचे आहेत. बाबांनाही तसं वाटत होतं. त्यांनी समासात प्रश्नचिन्ह केलंय बघ. ते असते तर शोधून काढलं असतं. आता ते नाहीत. एका पानासाठी त्यांचं सगळं काम कचऱ्यात जाणार?"

"Just drop it," निखिल म्हणाला. "Nobody will know. And honestly, it's their desert, their money. Why are we even fighting about it?"

"तुझ्या बाबांनी लिहिलंय ते," आई म्हणाली.

"म्हणूनच म्हणतेय ना मी!"

माझा आवाज चढला. महिनाभर मी तो चढू दिला नव्हता. आईचे व्हिसाचे कागद, बँक, बाबांच्या ऑफिसातलं कपाट, सगळं मी शांतपणे केलं होतं. पण तो पाइप व्हावा असं मला फार वाटत होतं. शहरातून वाळवंटाकडे जाणारी एक खरीखुरी ओळ, जी बाबांनी कागदावर काढली होती आणि जिच्यातून पाणी जाईल. त्याखेरीज मला काही नको होतं.

तेव्हा नागेशकाका बोलला. जेवण सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच.

"पान राहू द्या," तो ताटाकडे बघत म्हणाला. "दादांनी जे मोजलं ते लिहिलं. त्यात आपण हात घालायचा नाही."

आईचे डोळे भरून आले. तिनं वाडगा खाली ठेवला आणि काकाच्या खांद्यावर हात ठेवला. दिराच्या अंगाला तिचा हात लागलेला मी आयुष्यात प्रथमच पाहिला.

"हेच बोलले असते ते. शब्द न् शब्द. भाऊजी, तुम्ही अगदी त्यांच्यासारखे आहात."

मी मान खाली घातली. हरले तर होतेच, लाजही वाटली.

*

काकूनं मला पुढे सांगितलं, की त्या क्षणी तिला तिथून उठून जिन्यानं खाली पळून जावंसं वाटलं.

खिरीचं पातेलं तिच्या हातात होतं. ताईंचा हात नवऱ्याच्या खांद्यावर होता, आणि नवऱ्याचा घास तोंडातच अडकलेला तिला दिसत होता. एकवीस वर्षांच्या संसारात तिला त्याच्या जबड्याची प्रत्येक हालचाल कळत होती. तो खोटं बोलत नव्हता. पण तो जे बोलला ते कुणासाठी बोलला, हे टेबलाभोवतीच्या माणसांत तिला एकटीला माहीत होतं.

तिनं मनात सगळं एकदा फिरवून पाहिलं. कंपनीची दोन खोल्यांची जागा. पुण्याला होस्टेलवर असलेली मुलगी. गणू, वली आणि आणखी सात ड्रायव्हर, सगळे काकानं आणलेले. त्यांतल्या चौघांच्या बायका तिला दर महिन्याला फोन करून विचारत, आमच्या माणसाचं बरं आहे ना. गप्प राहायला एवढी कारणं पुरेशी होती. दोन वर्षं पुरली होती.

पण ताईंनी त्याला त्याच्या भावासारखा म्हटलं, आणि ते तिला सोसेना.

तिनं पातेलं टेबलावर ठेवलं. जरा जोरातच.

"सांगा ना आता," ती म्हणाली.

"काय?" काका.

"काय म्हणून मलाच विचारताय? शुक्रवारचं सांगा. नाहीतर मी सांगते, आणि मी सांगितलं तर मला धड सांगता येणार नाही. मी रडेन."

ती आधीच रडत होती.

काकानं पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता ठेवला.

"विहीर कोरडी आहे, वहिनी," तो म्हणाला. "दोन वर्षं झाली. तिच्यात आहे ते पाणी माझं आहे."

हमीद खुर्चीत पुढे सरकला. "मतलब?"

"मतलब टँकर. दोन टँकर, शुक्रवारी पहाटे, नमाजच्या आधी. नमाजला आजूबाजूच्या शेतांवरची माणसं येतात, सगळ्यांना वुझूला, म्हणजे हातपाय धुवायला, पाणी लागतं, आणि एवढं साठवायला टाकी नाही. म्हणून विहिरीत ओततो. आठवडाभर लोक बादलीनं काढतात, थोडं जिरतं. गुरुवारपर्यंत तळ दिसतो."

"और सुरेशसाब..."

"दादा शुक्रवारी नऊ वाजता पोचायचे."

मी मनात मोजलं. चोवीस शुक्रवार. सकाळी नऊ वाजता, विहीर भरून तीन-चार तास झालेले, आणि माझा बाप वाकून माप घेत होता. नोकरदार माणूस. सुट्टी शुक्रवारी, म्हणून विहीरही शुक्रवारी.

"पण चाकांच्या खुणा?" मी विचारलं. "बाबांना दिसल्या असत्या."

"मागच्या वाटेनं यायचो. आणि गेल्यावर म्हाताऱ्याची माणसं झावळ्यांनी वाळू झाडायची. विहीर त्याच्या बापानं खणलेली. ती आटली हे कुणाला कळू नये असं त्याचं म्हणणं. मालकाचंही म्हणणं तेच, त्याची कारणं वेगळी. मी दोघांनाही शब्द दिला."

"झाडलेली असायची वाळू," आई हळूच म्हणाली. "मला वाटायचं, शुक्रवार म्हणून अंगण झाडत असतील."

"वहिनी, दादा तिथे माप घेतात हे मला आधी ठाऊक नव्हतं. सहलीला जातात एवढंच माहीत. कळलं तेव्हा पाचसहा महिने होऊन गेले होते. मग दर गुरुवारी ठरवायचो, आज सांगायचं. दादा म्हणायचे, 'नागेश, तुझी विहीर भरतेय रे, मला कळत नाही कशी.' माझी चेष्टा करायचे. आणि मी..." त्यानं ताट बाजूला सरकवलं. "नऊ माणसं आहेत माझी. पाइप आला की पहिली ती घरी जाणार."

मी काकाकडे बघत होते. मला संताप यायला हवा होता, आणि तो येतही होता, पण अर्ध्या वाटेत थांबत होता. त्याचे कान लाल झाले होते. बाबांचेही व्हायचे.

आईनं विचारलं, "म्हणजे ते कॅनमधलं पाणीसुद्धा?"

"कुठलं?"

"दर सहलीला तिथून एक कॅन भरून आणायचे. घरी कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. म्हणायचे, खऱ्या विहिरीचं पाणी आहे, त्या नळाच्या पाण्याला काही चव नाही. चहा त्याचाच हवा."

काकानं मान वर केली. "वहिनी, टँकर आम्ही शारजातूनच भरतो. तुमच्या नळाला येतं तेच पाणी ते."

आईच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला. मला वाटलं ती रडतेय, म्हणून मी उठले. पण ती हसत होती. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत, महिनाभरात पहिल्यांदा.

"दोन वर्षं! दोन वर्षं मला म्हणत होते, मंजुषा, बघ, चहाला कसा रंग आलाय!"

मग हमीद हसला, मग निखिल. काकू डोळे पुसत हसली. हसला नाही तो एकटा काका. आईनं त्याच्या वाटीत खीर घातली आणि म्हणाली, "खा आता. उद्या गुरुवार आहे ना?"

*

गुरुवारी दुपारी आम्ही दोन गाड्यांनी निघालो. काकानं हमीदच्या गाडीत बसायचं ठरवलं. आईसमोर तासभर बसायची त्याची छाती नव्हती, असं त्यानं नंतर कबूल केलं. हमीदनं वाटेत विचारलं, समितीला लेखी द्यावं लागेल, नाव न घालता 'एक ड्रायव्हर' असं चालेल का. काका म्हणाला, बघू. आणि मग वाळूत अधूनमधून उभी असलेली घाफची झाडं मोजत बसला. दादानं पहिल्यांदा त्याला या रस्त्यानं आणलं तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता, आणि त्यानं विचारलं होतं, इथे माणसं पितात काय? दादा म्हणाला होता, तेच बघायला आपण आलोय.

उम्म सिदराला पोचलो तेव्हा चार वाजले होते. विहिरीभोवतीची वाळू बादल्यांनी आणि पावलांनी तुडवलेली होती. अशी मी ती कधी पाहिलीच नव्हती.

अबू सालेम काठी टेकत आला. गुरुवारी आम्हांला बघून तो थबकला, मग बाबांना शोधत त्याची नजर गाड्यांकडे गेली. काका पुढे झाला. मोडक्यातोडक्या अरबीत त्यानं सांगितलं, की इंजिनिअर गेला. म्हाताऱ्यानं काठी दुसऱ्या हातात घेतली. मग त्यानं आईकडे वळून छातीवर हात ठेवला.

पुढचं काका बोलला ते हमीदनं आम्हांला समजावून सांगितलं. काका म्हणाला, मी शब्द दिला होता, तो मोडायला आलोय. आधी तुम्हांला विचारतो. नाही म्हणालात तर परत जाऊ.

आम्ही सगळे त्या म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. त्यानं विहिरीकडे पाहिलं, मग मागे उभ्या असलेल्या आपल्या खजुरींकडे.

"दर शुक्रवारी तो मला विचारायचा," तो म्हणाला, "पाणी कसं आहे? आणि मी म्हणायचो, अल्हमदुलिल्ला, आहे. तो माझ्यावर विश्वास ठेवून लिहून घ्यायचा." त्यानं काठी कठड्याला टेकवली. "माझ्या बापाची विहीर मेली, याची मला लाज वाटत होती. आता त्या माणसाला फसवलं याची वाटते. मोजा."

निखिलनं टेपला खडू चोळला. मी टॉर्च धरला. काकानं टेप सोडायला सुरुवात केली. पंचवीस. सत्तावीस मीटर गेले आणि वजन अजून मोकळं झुलत होतं. एकतीस. बत्तीस. खालून दगडावर धातू आपटल्याचा आवाज आला, कोरडा.

काकानं टेप वर घेतली. शेवटच्या वीतभर भागावर चिखल होता, त्याच्या वर खडू पांढराशुभ्र.

"बत्तीस साठ," तो म्हणाला. "तळ."

हमीदनं लिहून घेतलं. मग नवा कागद काढून कठड्यावर पसरला आणि इंग्रजीत चार ओळी लिहिल्या: टँकर कधी, किती, कुठून. खाली जागा सोडली.

"नागेशभाई, 'एक ड्रायव्हर' लिख दूँ? समिती मान लेगी. मैं बोलूँगा."

"ड्रायव्हर लिहिलंस तर गणूवर येईल, नाहीतर वलीवर," काका म्हणाला. "टँकर मी पाठवले. नाव लिही." आणि वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, पासपोर्टवर असतं तसं पूर्ण नाव त्यानं सांगितलं. बाबांचं नाव फक्त पहिल्या शब्दानं वेगळं होतं. हमीदचं पेन तिथे क्षणभर थांबलं.

काकानं सही केली. मी त्याच्याजवळ गेले. त्याच्या मनगटावर लागलेला चिखल ओढणीनं पुसला. तो म्हणाला, "राहू दे गं, वाळेल," पण हात काढून घेतला नाही.

काकू आणि आई गाडीच्या सावलीत उभ्या होत्या. पाइप मंजूर होईल की नाही हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. समितीत अजून किनाऱ्याचं म्हणणारा होता, हायवेचं म्हणणारा होता. एवढंच, की बाबांच्या शेवटच्या तक्त्यासोबत आता आणखी एक पान जाणार होतं, आणि तक्ता काढायची गरज उरली नव्हती.

"ताई," काकू म्हणाली, "शनिवारी मीटिंग. म्हणजे रविवारी मालकाला कळणार आणि सोमवारी आमची खोली जाणार. आमची चार भांडी ठेवायला तुमच्याकडे जागा आहे का, तेवढं सांगा."

आईनं जरा विचार केला.

"सोमवारपर्यंत कशाला थांबता? उद्याच या," ती म्हणाली. "कामाच्या दिवशी आमच्याकडे लिफ्ट मिळत नाही."